लाल पुस्तकवाला इंजिनिअर

आपल्या हॉस्टेलवर दर रविवारी संध्याकाळी एकच प्रश्न पडतो : मेस बंद, आता जेवायला कुठं जायचं? फर्स्ट इयरवाला सेकंड इयरवाल्याला विचारतो, सेकंड इयरवाला त्याच्या सिनिअरनं कधीकाळी सांगितलेलं नाव ठोकून देतो, आणि सगळी वरात तिथं पोचते तेव्हा कळतं की ती खानावळ दिवाळीपासून बंदच आहे. आपण हसतो आणि वडापाव खाऊन परत येतो. पण हाच प्रश्न मला परक्या देशात, भर पावसात, पाठीवर सॅक घेऊन पडला तेव्हा हसू काही आलं नाही.

२०२४ मध्ये एका सेमिस्टरसाठी मी फ्रान्समधल्या रेन शहरात होतो. ११ नोव्हेंबर ही तिकडं पहिल्या महायुद्धाच्या शस्त्रसंधीची सुट्टी. त्या वर्षी ती सोमवारी आली. आम्ही तिघांनी सां-मालोला जायचं ठरवलं. ब्रिटनीच्या किनाऱ्यावरचं तटबंदीचं गाव, रेनहून रेल्वेनं तासाभराच्या अंतरावर. शेजारीच राँस नदीच्या मुखावर भरती-ओहोटीवर चालणारं वीज केंद्र आहे. १९६६ साली सुरू झालेलं, २४ टर्बाइन्स, २४० मेगावॉट. इंजिनिअरिंगच्या पोरांना याहून चांगलं तीर्थक्षेत्र कुठलं?

नोव्हेंबर म्हणजे ऑफ-सीझन. खोल्या स्वस्त, गर्दी नाही, असा आमचा साधा हिशेब. फोटो बघून, भरपूर स्टार बघून, सगळ्यात स्वस्त खोली घेतली. सगळे शेरे जुलै-ऑगस्टमधले होते, हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही. रविवारी दुपारी पोचलो, तटावर हिंडलो, आणि साडेसातला मुक्कामाच्या दारात गेलो तर दाराला कुलूप. हिवाळ्यात रिसेप्शन सहालाच बंद होतं, ही ओळ बुकिंगच्या पानाच्या तळाशी होती. आम्ही ती वाचली नव्हती. म्हणजे चूक आमचीच. जेवायला म्हणून तीन ठिकाणी गेलो. एक वार्षिक सुट्टीसाठी बंद, दुसरं रविवारी रात्री बंद, तिसरं थेट वसंत ऋतूत उघडणार! आमच्यातल्या एकाला दुपारपासून कणकण होती, आता तो चांगलाच तापला होता. वारा असा की छत्री उघडायची सोय नाही.

शेवटी स्टेशनजवळच्या एका साध्या हॉटेलात दिवा दिसला. काउंटरवरच्या म्हाताऱ्या काकांनी तिघांना एक खोली दिली. महिन्याभराच्या जेवणाचे पैसे एका रात्रीत गेले, पण त्या वेळी ते काका देवासारखे वाटले. त्यांच्या काउंटरवर एक जाडजूड लाल पुस्तक होतं, वीसेक वर्षांपूर्वीचं असावं. माझ्या मोडक्यातोडक्या फ्रेंचमधून मी आमची कहाणी सांगितली, तेव्हा त्यांनी ते उघडलं आणि एका हॉटेलच्या नावाखाली बोट ठेवलं. तिथं ते हॉटेल वर्षातले कोणते दिवस बंद असतं त्याच्या तारखा होत्या. त्यांच्या बोलण्याचा मला कळलेला अर्थ असा : नोव्हेंबरात कोणतं हॉटेल चांगलं हे नंतर विचारायचं, आधी कोणतं उघडं आहे ते विचारायचं.

पुस्तकावर नाव होतं मिशेलिन. मी म्हटलं, हे तर टायरवाले! ट्रकच्या जाहिरातीतला तो पांढरा, वळ्यावळ्यांचा गुबगुबीत माणूस! टायरवाल्यांना हॉटेलांच्या कुलपांशी काय देणंघेणं? या प्रश्नामागे लागलो आणि मला आंद्रे मिशेलिन भेटला. वयानं तो आपल्या पणजोबांच्याही आधीचा. पण तो इंजिनिअर, म्हणजे आपला सिनिअरच. म्हणून त्याला मी अरे-तुरेच करणार आहे.

आंद्रेचा जन्म १६ जानेवारी १८५३ चा, पॅरिसमधला. पॅरिसच्या एकोल सांत्राल या नावाजलेल्या कॉलेजातून तो १८७७ साली इंजिनिअर झाला. पुढं पॅरिसमध्येच लोखंडी बांधकामाच्या सांगाड्यांचा धंदा सुरू केला आणि त्यात त्याचं बरं चाललं होतं. धाकटा भाऊ एदुआर सहा वर्षांनी लहान, तो चित्रकला शिकत होता. दोघांपैकी कुणाच्याही डोक्यात टायर नव्हतं.

टायर आलं ते आजोबांच्या वारशातून. फ्रान्सच्या मध्यभागी, डोंगराळ मुलखात क्लेर्मों-फेराँ नावाचं गाव आहे. तिथं त्यांच्या आजोबांनी आणि आजोबांच्या एका नातलगानं १८३० च्या दशकात शेतीच्या अवजारांचा कारखाना काढला होता. त्या नातलगाची बायको घरच्या मुलांना खेळायला रबराचे चेंडू करून द्यायची, तेव्हापासून कारखान्यात रबर शिरलं. १८८६ च्या सुमाराला मात्र कारखाना बुडायच्या बेतात होता. आंद्रेनं तो सावरायला घेतला. पण पॅरिसचा धंदा सोडून पूर्ण वेळ देणं त्याला जमेना, म्हणून त्यानं एदुआरला ब्रश खाली ठेवायला लावला. १८८९ साली कंपनीला मिशेलिन हे नाव मिळालं. एदुआर क्लेर्मोंला कारखाना बघणार आणि आंद्रे पॅरिसला बसून जगाला माल विकणार, अशी वाटणी झाली.

१८९१ साली एक सायकलवाला पंक्चर झालेलं चाक घेऊन कारखान्यात आला. त्या काळी हवेचं टायर रिमला चिकटवलेलं असे. ते सोडवायला आणि दुरुस्त करायला काही तास गेले, शिवाय गोंद वाळायला रात्र. आणि चालवून बघितल्यावर पुन्हा पंक्चर! एदुआरला कळलं की हवेची कल्पना सोन्यासारखी आहे, पण गोंद तिचा शत्रू आहे. त्यानं चटकन काढता-घालता येणारं टायर बनवलं. त्याच वर्षी पॅरिस ते ब्रेस्त आणि परत अशी सुमारे १२०० किलोमीटरची सायकल शर्यत होती. ब्रेस्त म्हणजे ब्रिटनीचं पार पश्चिम टोक, पुढं नुसता अटलांटिक. मिशेलिनच्या टायरवर शार्ल तेराँ हा सायकलपटू सुमारे ७१ तासांत, जवळजवळ न झोपता, जाऊन परत आला आणि दुसऱ्या नंबरच्या माणसाला कित्येक तासांनी मागं टाकलं.

पुढच्या वर्षी भावांनी स्वतःच पॅरिस-क्लेर्मों शर्यत भरवली आणि वाटेत मुद्दाम खिळे टाकले! पंक्चर होणारच, पण आमचं टायर किती झटकन बदलता येतं ते बघा, हे त्यांना दाखवायचं होतं. आपण प्रोजेक्टच्या डेमोत नेमका न चालणारा भाग लपवतो. या पठ्ठ्यांनी तोच चव्हाट्यावर मांडला.

१८९५ साली पॅरिस-बोर्दो-पॅरिस ही मोटारींची शर्यत झाली. मोटारीला हवेचं टायर लावून बघायला कुणी तयार होईना, म्हणून दोघं भाऊ स्वतः गाडी घेऊन उतरले. त्यांच्या गाडीचं नाव वीज. वेगामुळं नव्हे, तर ती विजेसारखी नागमोडी पळायची म्हणून! पंक्चरवर पंक्चर काढत ते कसेबसे शेवटपर्यंत पोचले. शर्यत हरले, पण हवेवर मोटार चालते हे सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं. टायरांच्या थप्पीसारखा दिसणारा तो गुबगुबीत बिबेंदम १८९८ साली पोस्टरवर आला. त्यामागंही जाहिरातीचं डोकं आंद्रेचंच.

आता आंद्रेपुढं खरा प्रश्न उभा राहिला. १९०० साली अख्ख्या फ्रान्समध्ये तीन हजारसुद्धा मोटारी नव्हत्या. ज्यांच्याकडं होत्या ते गावाबाहेर जायला घाबरत. पेट्रोल किराणा दुकानात नाहीतर औषधाच्या दुकानात डब्यांतून मिळायचं. गाडी बंद पडली तर मेकॅनिक कुठं? रात्र झाली तर झोपायचं कुठं? गाड्या फिरल्या नाहीत तर टायर झिजणार नाहीत, आणि टायर झिजले नाहीत तर ते विकत कोण घेणार? म्हणजे टायर विकायचं असेल तर आधी मुक्कामाची सोय सांगायला हवी. काय डोकं आहे पाहा! दुसऱ्या कुणी टायरची किंमत कमी केली असती. आंद्रेनं माणसाच्या मनातली भीती कमी केली.

त्या वर्षी पॅरिसला जागतिक प्रदर्शन भरलं होतं. तो मुहूर्त साधून आंद्रेनं खिशात मावणारं, जवळजवळ चारशे पानांचं लाल पुस्तक काढलं. प्रती ३५ हजार, किंमत शून्य. गाड्या तीन हजारांच्या आत आणि पुस्तकं ३५ हजार! प्रस्तावनेत त्यानं बिनधास्त लिहिलं की हे पुस्तक शतकाबरोबर जन्मलं आहे आणि शतकाइतकंच टिकेल. लोकांना ती फुशारकी वाटली असेल. शतक केव्हाच संपलं, पुस्तक अजून निघतं आहे.

आत काय होतं? टायर कसं बदलायचं, पेट्रोल कुठं, मेकॅनिक कुठं, आणि गावोगावची हॉटेलं. हॉटेलांपुढं चांदण्या होत्या, पण त्या चवीच्या नव्हत्या, निव्वळ खर्चाच्या होत्या. खोली, मेणबत्ती आणि वाइनसकट तीन वेळचं जेवण मिळून दिवसाला १३ फ्रँकच्या वर गेलं तर तीन चांदण्या, १० ते १३ मध्ये बसलं तर दोन, त्याखाली एक. कुठल्या हॉटेलात फोटो धुवायला अंधारी खोली आहे, याचीही नोंद असे. मला सगळ्यात भावली ती गोष्ट वेगळीच. आंद्रेनं वाचकांना विनंती केली होती की चुका कळवा. आमचं पुस्तक पहिल्या वर्षी अपुरंच असणार, तुम्ही लिहून पाठवाल तसं ते दरवर्षी सुधारत जाईल, असा त्याचा सूर होता. आपल्या भाषेत सांगायचं तर त्यानं फीडबॅक लूप जोडला. हॉटेल बदलतं, मालक बदलतो, आचारी सोडून जातो. म्हणून यादी एकदा करून भागत नाही, ती दरवर्षी नव्यानं करावी लागते.

यादी झाली, पण हॉटेलपर्यंत पोचणार कसं? रस्त्यांवर धड पाट्या नव्हत्या. १९०८ पासून कंपनीच्या पॅरिस ऑफिसात जाऊन कुठं जायचं ते सांगितलं की वाटेचा आराखडा फुकट मिळू लागला. १९१० पासून एकास दोन लाख या प्रमाणातले रस्त्यांचे नकाशे निघाले. १९१२ साली एका विमान प्रदर्शनात आंद्रेनं सह्यांची मोहीम उघडली : सरकारनं सगळ्या रस्त्यांना क्रमांक द्यावेत आणि ते मैलाच्या दगडांवर लिहावेत. पहिली सही राष्ट्राध्यक्षांची! दोन लाखांच्या आसपास सह्या जमल्या आणि सरकार हललं. विमानांचंही त्याला तितकंच वेड. पॅरिसहून सहा तासांत उडत येऊन क्लेर्मोंजवळच्या प्वी-द-दोम शिखरावर उतरेल त्याला एक लाख फ्रँक, असं बक्षीस भावांनी १९०८ साली लावलं. लोकांना ते अशक्य वाटलं. १९११ मध्ये एकजण उतरला आणि पैसे घेऊन गेला.

पहिलं महायुद्ध संपलं आणि पुस्तक पुन्हा निघू लागलं. तेव्हा एक प्रसंग घडला असं सांगतात. आंद्रे एका टायरवाल्याच्या दुकानात गेला होता. तिथल्या कामाच्या टेबलाचा एक पाय आखूड होता, आणि त्याखाली टेकू म्हणून काय घातलेलं? त्याचीच पुस्तकं! फुकट मिळालेल्या गोष्टीची किंमत माणूस तेवढीच करतो. १९२० पासून पुस्तकाला सात फ्रँक किंमत लागली. आणि त्याच वेळी त्यानं दुसरं काम केलं, जे मला जास्त मोलाचं वाटतं : पुस्तकातल्या जाहिराती काढून टाकल्या. पैसे द्यायचे ते वाचणाऱ्यानं, यादीतल्या हॉटेलवाल्यानं नाही. ज्याच्याबद्दल लिहायचं त्याचंच मीठ खाल्लं की हात अडखळतो, हे त्याला कळलं होतं.

त्यानंतर पुस्तक हळूहळू जेवणाकडं वळलं. १९२३ पासून हॉटेलात नसलेली स्वतंत्र रेस्टॉरंटंही आली. १९२६ मध्ये चांगल्या स्वयंपाकासाठी चांदणी सुरू झाली. त्याच १९२६ साली कंपनीनं एकाच प्रांताची माहिती देणारं पहिलं पर्यटन पुस्तक काढलं, आणि तो प्रांत होता ब्रिटनी, म्हणजे आम्ही जिथं भिजलो तोच किनारा! १९३१ मध्ये एकाच्या तीन पायऱ्या झाल्या : एक, दोन आणि तीन चांदण्या. त्याच वर्षी ४ एप्रिलला, वयाच्या ७८ व्या वर्षी आंद्रे गेला. चांदण्यांचे निकष १९३६ मध्ये छापले गेले. एक चांदणी म्हणजे आपल्या प्रकारात चांगलं जेवण, दोन म्हणजे वाट वाकडी करून जा, तीन म्हणजे तेवढ्यासाठीच प्रवास करा. नीट बघा, दोन आणि तीन चांदण्यांच्या व्याख्या प्रवासाच्या आहेत. टायरवाला मेला तरी हिशेब किलोमीटरमध्येच! नाव न सांगता, स्वतःचं बिल भरून जेवणारे तपासनीसही पुढं या पुस्तकाची ओळख झाले.

आंद्रेनं पाहिलं नाही असं एक पान राहिलं. १९४४ मध्ये दोस्त राष्ट्रांचं सैन्य नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरणार होतं. रस्त्यावरच्या पाट्या काढलेल्या किंवा मोडलेल्या. मग अमेरिकेत १९३९ ची मिशेलिन आवृत्ती गुपचूप पुन्हा छापली आणि अधिकाऱ्यांना वाटली, कारण फ्रान्समधल्या शहरांचे इतके बिनचूक नकाशे दुसरीकडं मिळणं कठीण होतं. सहलीला निघालेल्या मोटारवाल्यांसाठी केलेली यादी सैन्याला उपयोगी पडली, कारण ती करताना कुणी टंगळमंगळ केली नव्हती.

हे सगळं मी नंतर वाचलं. त्या रात्री मात्र काकांनी दाखवलेल्या गल्लीत जाऊन आम्ही काळ्या गव्हाच्या पिठाची गॅलेत खाल्ली. आपल्या धिरड्याची चुलत बहीण. चीज आणि मशरूम घालून मिळते, त्यामुळं माझ्यासारख्या शाकाहारी माणसाचीही पंचाईत झाली नाही. तापलेल्या मित्रासाठी सूप बांधून आणलं, सकाळपर्यंत त्याचा ताप उतरला. सोमवारी धरणावरच्या रस्त्यावर उभं राहून आम्ही समुद्र नदीत शिरताना पाहिला.

तुमच्यापैकी कुणी तिकडं ऑफ-सीझनला गेलात तर एवढं लक्षात ठेवा. शेरे वाचाल तर त्याच महिन्याचे वाचा, उन्हाळ्यातलं हॉटेल आणि हिवाळ्यातलं हॉटेल ही दोन वेगळी हॉटेलं समजा. समुद्र दिसणारी खोली नोव्हेंबरात वाऱ्याची असते. वर्षभर वस्ती असलेल्या भागात, स्टेशनजवळ किंवा बाजारपेठेत मुक्काम घ्या, कारण तिथली हॉटेलं नुसत्या पर्यटकांवर जगत नाहीत. रविवार रात्र आणि सोमवार बऱ्याच ठिकाणी बंद असतो. दुपारचं जेवण दोननंतर सहसा मिळत नाही, मग एकदम संध्याकाळी सातनंतर. आणि कामाच्या दिवशी दुपारी जिथं गावातलीच माणसं जेवताना दिसतील तिथं डोळे मिटून बसा. रिसेप्शन किती वाजता बंद होतं ते फोन करून विचारा. हे शेवटचं आम्हाला सगळ्यात महाग पडलं.

आता एक कबुली देतो. फ्रान्सला जाण्याच्या आदल्या वर्षी हॉस्टेलच्या नव्या मुलांसाठी आजूबाजूच्या खानावळींची यादी मीच छापली होती. झेरॉक्सचा खर्च निघावा म्हणून दोन जाहिराती घेतल्या आणि ती दोन नावं सगळ्यात वर टाकली. त्यातल्या एका ठिकाणी मी कधी जेवलोसुद्धा नव्हतो. पावसाळ्यात तिथं जेवून आलेली खालच्या मजल्यावरची चार मुलं आजारी पडली, एकाला सलाइन लावावं लागलं. त्यांनी मला काही म्हटलं नाही, कारण यादीवर नाव हॉस्टेल कमिटीचं होतं, माझं नव्हतं. आंद्रेनं जाहिराती काढल्या हे वाचताना मला तो सलाइन लावलेला हात आठवत होता.

यंदाची यादी तयार आहे. आम्ही सहाजण स्वतःच्या पैशानं प्रत्येक ठिकाणी किमान दोनदा जेवलो आहोत. कुठली खानावळ परीक्षेच्या काळात उघडी असते, कुठली दिवाळीत बंद, तेही लिहिलं आहे. जाहिरात एकही नाही, म्हणून किंमत पाच रुपये ठेवली आहे. खाली आमची नावं आहेत आणि चुका लिहायला अर्धं पान कोरं सोडलं आहे. वॉचमनकाकांच्या केबिनमध्ये त्यासाठी एक डबा ठेवला आहे. जे चुकलं असेल ते लिहून टाका, पुढच्या वर्षी दुरुस्त होईल.

फक्त टेबलाच्या पायाखाली घालू नका, एवढीच विनंती!